केक नानांनी केला म्हणे

काल रात्रीपासून आमच्या फॅमिली ग्रुपवर ३६ जणांनी नानांचं अभिनंदन केलंय. मी मोजलेत, आणि मोजले हे सांगायला मला काडीची लाज वाटत नाहीये. धुळ्याच्या आत्यांनी तर व्हॉइस नोट पाठवली, "नाना, या वयात किती ती हौस!" फोटोत नाना दिवाणावर बसलेत, अंगात बंडी, गळ्यात पंचा, हातात सुरी आणि समोर माझा दोन मजली चॉकलेट केक. मी पण आहे फोटोत. म्हणजे माझं कोपर आहे.

केक कसा केला ते पटकन उरकते. पोरगं जन्माला आलंय मे महिन्यात, आम्ही राहतो जळगावात, आणि त्याला यंदा विकतचा नको, "मम्मीच्या हातचा" हवा होता. नाना अंडं खात नाहीत म्हणून ताक-सोड्यावरचा केला. ओव्हन १८० वर, ३५ मिनिटं, मस्त फुगला, काडी घातली तर कोरडी निघाली. इथपर्यंत मी आणि ओव्हन, दोघंच होतो आणि दोघंही तापलेलो होतो.

पुढे आलं फ्रॉस्टिंग. रेसिपीत पहिली ओळ, 'रूम टेंपरेचरचं बटर घ्या'. अहो बाहेर ४४, वर स्लॅब, शेजारी नुकताच बंद केलेला ओव्हन, आमच्याकडे रूम टेंपरेचरच्या बटरला तूप म्हणतात! बटर पस्तिशीच्या आतच पाणी होतं, चॉकलेटचंही तेच. म्हणून बटर सोडून गनाशवर आले, चॉकलेट आणि क्रीम सारखं घ्या असं लिहिलेलं, तसं घेतलं. ते फ्रीजमध्ये असेपर्यंत गुणी बाळासारखं बसायचं आणि ओट्यावर आणलं की वाटीच्या काठावरून खाली बघायला लागायचं. शेवटी ठरवलं की केक उचलायचा आणि हॉलमध्ये कूलरसमोर नेऊन तिथेच लेप द्यायचा.

कूलरसमोर नाना होते. नाना म्हणजे यांचे काका, पारोळ्याहून आलेले. आयुष्यभर रस्त्याच्या कामांवर मुकादम होते, आणि मार्च ते जून कूलरसमोरची जागा त्यांची, हे आमच्या घरात सातबाऱ्यावर लिहिल्यासारखं आहे.

"नाना, जरा सरकता का? इथे स्टूल ठेवायचंय."

"कोन बसनार हाये?"

"केक."

नाना उठून बसले. केककडे बघितलं, मग माझ्याकडे. "त्याले गरम व्हतं?"

"हो."

"अन् मले?"

यावर काय बोलणार. मी स्टूल मध्ये घुसवलं, नाना चार बोटं सरकले, आणि पंच्याने वारा घेत बघत बसले. मी केक आडवा कापला. वरचा अर्धा उचलून ताटात ठेवला.

"हे कायले कापलं?"

"मधे क्रीम भरायला."

"अन् वरतून काय लावशीन?"

"तेच क्रीम."

"मंग मधलं कोनाले दिसनार?"

"कापल्यावर दिसेल ना नाना."

नाना विचारात पडले. मी क्रीम पसरलं, वरचा थर ठेवला, बाजूने लिंपायला घेतलं. तेवढ्यात त्यांचा हिशोब पूर्ण झाला. "म्हंजे बघ, चांगला आख्खा व्हता तो तू कापला. मंग चिकटवला. चिकटवल्याचं दिसू नये म्हनून लिपला. अन् संध्याकाळी पुन्हा कापनार." पंचा थांबला. "आम्ही रस्ता असाच करत होतो."

मला हसू आलं, पण हात बरबटलेले असताना हसणं परवडत नाही, त्यामुळे मी दात ओठांवर दाबून लिंपत राहिले. नाना आता अंगात आल्यासारखे साइटवर पोचले होते. डावीकडे जाड झालं, तिकडे उतार दे, पाणी साचंन. मी म्हणलं नाना केकवर पाणी कशाला साचेल, तर म्हणे उतार तरी दे. मग बोटाने एक थेंब उचलला, दोन बोटांत चोळला, आणि म्हणाले, "डांबर पातळ हाये तुझं. थंडीच्या मुलखात पातळ चालतं. आपल्या इथं घट्ट लागतं."

राग येण्याचं कारण असं, की ते बरोबर होतं. नंतर शोधलं तर उन्हाळ्यात गनाशला क्रीमच्या दुप्पट चॉकलेट घ्या असंच सगळीकडे लिहिलंय. पण त्या क्षणी मी काय म्हणणार? म्हणलं, "हे चॉकलेट आहे नाना, डांबर नाही."

आणि लाईट गेली.

कूलर गरगरत थांबला. तीन मिनिटं काही झालं नाही, मग वरचा थर निघाला, हळूच, एसटी वळणावर झुकते तसा, नानांच्या दिशेने. मी ओरडले. नानांनी उघड्या तळव्याने तो अडवला आणि दुसऱ्या हाताने देवघराकडे बोट दाखवलं. "उदबत्ती आन!" मला वाटलं म्हातारा आता देवाचं नाव घेतोय. तर त्यांनी तीन उदबत्त्या उलट्या धरून, बांबूची बाजू खाली करून, केकमध्ये आरपार खुपसल्या. थर थांबला. मोठ्या केकवाल्या बायका पण अशाच काड्या घालतात, हे मला माहीत होतं. माहीत असून सुचलं नाही, हे जास्त लागलं.

संध्याकाळी पोरगं म्हणालं, "मम्मी, केकला देवाचा वास येतोय." मोगरा होता. तरी दोन तुकडे खाल्ले त्याने.

यांनी आल्या आल्या फोटो काढला आणि खाली टाकलं 'नानांचा केक'. मी विचारलं, असं का लिहिलं? तर, "अगं त्यांनी वाचवला ना, आणि बरं वाटतंय त्यांना, राहू दे की." राहू दे. मी तीनदा 'केक मी केलाय' टाइप केलं आणि तीनदा पुसलं, कारण पाठवलं असतं तर मीच हलकी ठरले असते.

सासूबाई आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, खापरावर मांडे टाकायच्या. हातावर कोपरापर्यंत तो मांडा फिरवत न्यायचा आणि तापलेल्या खापरावर अलगद सोडायचा, खाली चूल, वर पत्रा. त्यांच्या जुन्या फोटोंमध्ये पंगत आहे, आमरसाच्या वाट्या आहेत, सगळे सासरे-दीर-भाचे आहेत. खापर कुठेच नाही, आणि सासूबाई पण नाहीत. या घरात आल्याला मला पंधरा वर्षं झाली, दर मार्चमध्ये कूलर उतरवते मी, गवत बदलते मी, पाणी भरते मी, आणि त्याचं तोंड आजवर एकदाही ओट्याकडे झालेलं नाही. जळगावच्या केळ्याला २०१६ साली जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालं, भरिताच्या वांग्यालाही मिळालं, तसं कूलरच्या या दिशेलाही घेऊन टाका एकदाचं, म्हणजे मी मागणं बंद करीन.

आज सकाळी नाना फोन घेऊन ओट्यापाशी आले. ओट्यापाशी! गेल्या कित्येक उन्हाळ्यांत पहिल्यांदा. दोन मिनिटांत घामेजले.

"धुयाच्या आत्याले रेसिपी पायजे म्हने. काय काय टाकलं व्हतं वं आपन?"

आपन.

मी सांगितलं. मैदा, कोको, साखर, तेल, ताक, सगळं नीट मापाने, त्यांना लिहिता येईल एवढ्या सावकाश. फक्त सोडा एक चमच्याऐवजी एक वाटी सांगितला.