"टीममध्ये नागपूरकर असेल तर" या फॉरवर्डला एका नागपूरकराचं उत्तर

गेले दहा-बारा दिवस एक मेसेज फिरून राहिला आहे, माझ्याकडेच चार ग्रुपमधून आला, त्यातला एक ऑफिसचा ग्रुप. वर लिहिलंय "टीममध्ये नागपूरकर असेल तर हे लक्षात ठेवा" आणि खाली पाच मुद्दे. बोलणं उद्धट असतं, उन्हामुळे आळस अंगात मुरलेला असतो, हो म्हणतात अन् करत नाहीत, भाऊ-ताई करत नाती जोडत बसतात म्हणून प्रोफेशनल नसतात, आणि शेवटी, हे आम्ही नाही म्हणत, कल्चरवरचं संशोधनच म्हणतं. लोकं हसायच्या इमोजी टाकून पुढे पाठवून राहिले. मी पाच वर्षं पुण्यात नोकरी केली, आता नऊ वर्षं इथं नागपुरात मिहानकडे, म्हणजे विमानतळाजवळच्या कंपन्यांच्या भागात आहे, दोन्हीकडची माणसं रोज आठ-नऊ तास पाहिली, म्हणून एकेक मुद्दा घेतो.

पहिला, उद्धटपणाचा. आमच्या टीममध्ये काटोलकडचा एक पोरगा आहे, तेव्हा त्याला लागून वर्षही झालं नव्हतं. मॅनेजर पुण्यात, सकाळचा कॉल, त्यांनी विचारलं "रिपोर्टचं काय झालं?" हा म्हणाला, "सर, रिपोर्ट बनून राहिला." तिकडे दोन सेकंद शांतता. मग, "राहिला म्हणजे? काल सांगितलं होतं ना तुला?" हा म्हणे, "हो न सर, बनूनच राहिला न." तिसऱ्या वेळी दोघांचेही आवाज चढले. मी बाजूच्याच खुर्चीवर होतो, त्याच्या स्क्रीनवर फाइल उघडी होती, चोवीसपैकी एकोणीस शीट भरून झाल्या होत्या, बोलता बोलता त्याचा हात विसावी भरत होता. पुण्याच्या कानाला "राहिला" म्हणजे बाकी राहिला, आमच्या तोंडी "बनून राहिला" म्हणजे बनतो आहे. एवढंच झालं. पण सहा महिन्यांनी अप्रेझलमध्ये लिहून आलं, कम्युनिकेशन कमजोर, उलट उत्तरं देतो.

आता हे "करून राहिलो" काही बिघडलेलं मराठी नाही. हिंदीत "कर रहा हूँ" म्हणतात तसाच हा प्रयोग, आणि तो इथं का आहे हे कळायला थोडा इतिहास बघा. गोंड राजा बख्त बुलंद शाहनं हे गाव वसवलं, मग भोसले आले, मग मध्य प्रांत आणि वऱ्हाडची राजधानी नागपूर, जिथं मराठी आणि हिंदी दोन्ही शेजारीशेजारी चालत. १९५६ पर्यंत आम्ही मध्य प्रदेशात होतो, राजधानीच होतो, १ नोव्हेंबर १९५६ ला मुंबई राज्यात आलो आणि १९६० ला महाराष्ट्र झाला. एवढी वर्षं दोन भाषा एका आवारात नांदल्या तर बोलण्यात ते उतरणारच, कोल्हापूरच्या मराठीत कानडी उतरलीच न. आणि आमच्या बोलण्यातलं "बे", म्हणजे "अरे"सारखी हाक, म्हणाल तर ती दोस्ताला, बरोबरीच्याला. साहेबाला "बे" म्हणणारा माणूस मी तरी नऊ वर्षांत पाहिला नाही. "सर, तुम्ही काहून (का) टेन्शन घेऊन राहिले" हे वाक्य पुण्यात आगाऊपणाचं वाटतं, इथं ती काळजी असते, मी घेतो अंगावर तुम्ही निवांत राहा असं म्हणणं असतं. त्या मॅनेजरना नंतर चहावर मी हे सगळं सांगितलं, माणूस वाईट नाही, ते म्हणाले मला खरंच वाटलं हा तोंडावर सांगतोय की केलं नाही. पण फॉर्म तोवर एचआरकडे गेला होता, ती ओळ तशीच राहिली.

दुसरा मुद्दा ऊन आणि आळस. मे महिन्यात इथं पारा ४५ च्या वर जातो, दुपारी सीताबर्डीची मोठी बाजारपेठसुद्धा सुनसान होते, खरं आहे. पण ज्याला बाहेर काम आहे तो सकाळी लवकर निघतो, डोक्याला दुपट्टा बांधून, आणि दुपारचं काम संध्याकाळी उरकतो, याला आळस कसं म्हणायचं? आणि सगळ्यांना तेवढीही सोय नाही. त्याच मे महिन्यात कोराडीच्या वीज केंद्रात ६६० मेगावॅटचे तीन संच चालतात, बॉयलरजवळ माणसं उभी असतात, बुटीबोरीच्या कारखान्यांत रात्रपाळी चालते, उमरेडच्या खाणीत कोळसा निघतो.

आणि हा आरोप काही आजचा नाही. १ जानेवारी १८७७ ला जमशेटजी टाटांनी इथं एम्प्रेस मिल ही कापडगिरणी सुरू केली, तेव्हाही कामगारांच्या गैरहजेरीची अडचण होतीच, रोज बरेच लोकं यायचेच नाहीत. नागपूरचे लोकंच असे म्हणून हात झटकता आले असते. पण टाटांनी गिरणीत हवा दमट ठेवणारी यंत्रं बसवली, १८८६ ला पेन्शन फंड काढला, पुढे अपघात झाला तर भरपाई द्यायला सुरुवात केली, कामगारांसाठी बक्षिसं ठेवली. म्हणजे माणसांचा स्वभाव न काढता कामाची जागा आणि कामाचा मोबदला बदलला. दीडशे वर्षं व्हायला आली, अन् आपण अजून स्वभावावरच अडलो आहोत.

तिसरा, हो म्हणतात अन् करत नाहीत. यात थोडं तथ्य आहे. "पायतो न भाऊ" (पाहतो ना भाऊ) म्हणजे बहुतेक वेळा नाही, इथल्या माणसाला ते कळतं, बाहेरच्याला कळत नाही, तो तारीख लिहून घेतो आणि फसतो. पण पुण्यात पाच वर्षं मी "कळवतो" ऐकलं आणि पहिलं अख्खं वर्ष वाट पाहत बसलो, कोणीच कळवलं नाही. थेट नाही म्हणायला सगळीकडेच जड जातं, शब्द फक्त वेगळे. आमच्याकडे आता साधा उपाय आहे, "पायतो" ऐकलं की विचारायचं, आज की उद्या की जमणारच नाही? समोरचा खरं सांगतो.

भाऊ-ताईचं म्हणाल तर मला दोन्ही बाजू दिसतात. टीममधल्या एकीच्या आईला मेडिकलमध्ये, म्हणजे इथल्या सरकारी दवाखान्यात ॲडमिट केलं तेव्हा रक्ताला सात जण गेले, तिनं कोणाला मागितलंही नव्हतं. ही नाती मला हवीत. पण याच नात्यात "भाऊ, तेवढं शनिवारी येऊन करून टाक न" पण येतं, आणि ज्युनिअरला नाही म्हणता येत नाही, पोरीला "ताई" म्हटलं की तिचा मुद्दा मीटिंगमध्ये लाडानं बाजूला सारला जातो. याच्यावर बोला, जरूर बोला. पण ही तक्रार त्या वागण्याची असू द्या, एका अख्ख्या गावाची नको.

राहिलं संशोधन. मेसेजमध्ये हॉफस्टेडचं नाव टाकलंय. हॉफस्टेड हे डच अभ्यासक, त्यांनी आयबीएमच्या वेगवेगळ्या देशांतल्या कर्मचाऱ्यांच्या उत्तरांवरून देशादेशांची तुलना केली, ती १९८० ला छापून आली. त्यात भारताचा आकडा आहे, नागपूरचा नाही, पुण्याचाही नाही. आणि हे आकडे देशाच्या सरासरीचे, एखाद्या माणसाला लावायचे नाहीत, हे स्वतः हॉफस्टेडच बजावत होते. तेव्हा त्यांच्या नावावर काटोलच्या पोराला उद्धट ठरवता येत नाही.

एक गोष्ट मात्र आमच्याच लोकांना सांगायची आहे, जे हा मेसेज वाचून चिडले त्यांना. आमच्या फ्लोअरवर गडचिरोलीचा एक जण आहे, घरी माडिया ही आदिवासी बोली बोलतो, कोडिंगमध्ये आमच्या सगळ्यांच्या पुढे. तो लागला त्या दिवशी गावाचं नाव ऐकून एक जण म्हणाला, "बाप रे, तिकडे तर नक्षल आहे न बे," आणि सगळे हसले, मीही हसलो. त्यानंतर दोन वर्षं तो कोणी विचारलं तर "चंद्रपूरकडचा" असं सांगायचा, मी ऐकत होतो आणि त्याचं कारण मला माहीत होतं. हा मेसेज आला तेव्हा मी पहिल्यांदा त्याच्याकडे जाऊन त्या हसण्याची माफी मागितली. तो म्हणाला, जाऊ द्या न भाऊ, जुनं झालं.

परवा एक नवीन पोरगी जॉईन झाली. तिनं जेवताना त्याला विचारलं, तुम्ही कुठले? तो म्हणाला, "गडचिरोली. एटापल्ली." आणि डब्याचं झाकण हातात तसंच धरून थांबला, आमच्याकडे पाहत.