बिलाचं मशीन घ्यायचं असेल तर आधी भटारखान्यात जा

आजकाल तालुक्याच्या गावात नवीन भोजनालय उघडलं की पहिला फोटो गल्ल्याचा येतो. पंधरा इंची टचस्क्रीन, गिऱ्हाइकाला रक्कम दिसावी म्हणून मागच्या बाजूला छोटी स्क्रीन, खाली टण्णकन उघडणारा ड्रॉवर. आमचं भोजनालय नागपूर-हैदराबाद रोडवर, पांढरकवड्याच्या अलीकडं. त्यामुळं असे नवे मालक जाता-येता चहाला थांबतात आणि विचारतात, "भाऊ, मशीन कोन्तं घेऊ?" माझं उत्तर त्यांना फारसं रुचत नाही. मी म्हणतो, आधी तुझ्या आचाऱ्याले विचार.

कारण आपल्यासारख्या हॉटेलात पैसा गल्ल्यावर गळत नाही, तो टेबल आणि चूल यांच्यामध्ये गळतो. पोऱ्या ओरडतो, "चार नंबरले एक शेवभाजी, तर्री कमी!" एक्झॉस्टच्या घरघरीत आचारी ऐकतो चार शेवभाज्या. किंवा दोन भाकरी जास्तीच्या जातात आणि बिलात येतच नाहीत. कापसाच्या दिवसांत जिनिंगवर गाडी खाली करून आलेली मंडळी, टिपेश्वर अभयारण्यातून परतलेले पर्यटक आणि आदिलाबादकडून आलेले ट्रकवाले एकाच वेळी बसले, की कोणाच्या ताटात काय गेलं हे देवालाही सांगता येणार नाही. बेरीज तर वीस रुपयांच्या कॅल्क्युलेटरवरही होते. मशीनचं खरं काम म्हणजे ऑर्डरची चिठ्ठी, जिला हे विक्रेते केओटी म्हणतात, ती चुलीपाशी छापून देणं. चिठ्ठीशिवाय कढई चढणार नाही हा नियम एकदा बसला की अर्धी गळती थांबते. म्हणून माझं मत असं की बजेटमधला पहिला पैसा भटारखान्यातल्या प्रिंटरवर जावा, आणि स्क्रीनचा नंबर सगळ्यात शेवटी लागावा.

आता ती चिठ्ठी वाचणार कोण? आमचा आचारी मराठी वाचतो, इंग्रजी नाही. विक्रेता दुकानात जो नमुना छापून दाखवतो तो इंग्रजीत असतो, आणि झकास दिसतो. पण बहुतेक स्वस्त थर्मल प्रिंटरच्या पोटात देवनागरी अक्षरं नसतातच. सॉफ्टवेअरनं मजकुराचं चित्र करून पाठवलं तरच मराठी नीट उमटते, नाहीतर प्रश्नचिन्हं आणि चौकोन येतात, किंवा जोडाक्षरांची मोडतोड होते. चित्र म्हणून छापलं की काही प्रिंटर अडखळत, सावकाश छापतात, तेही बघून घ्यावं लागतं. म्हणून पैसे देण्याआधी विक्रेत्यासमोर उभं राहून "पाटोडी रस्सा १, तर्री वेगळी, ज्वारीची भाकर ४" एवढंच छापायला सांगा. छापून आलं तर पुढचं बोला. "अपडेटमध्ये येईल साहेब" म्हणाला तर चहा पाजा आणि निरोप द्या.

दुसरी गोष्ट आपल्या उन्हाची. थर्मल कागदाला शाई लागत नाही, त्याच्यावरचा लेपच गरमीनं काळा होतो. हे गल्ल्यावर सोयीचं. पण तंदूर किंवा भट्टीजवळ टांगलेली चिठ्ठी तापली की सगळीच काळवंडते आणि अक्षर शोधावं लागतं. तिथं जुन्या पद्धतीचा, रिबिनवर पिना आपटून छापणारा डॉट मॅट्रिक्स प्रिंटर बरा. साधा कागद चालतो, दोन पदरी कागद लावला तर एक प्रत आचाऱ्याकडं आणि एक पोऱ्याकडं राहते, काही मॉडेलांत बदललेली ऑर्डर लाल रंगात छापता येते. आणि तो कर्रकर्र आवाज करतो, हा मला त्याचा गुणच वाटतो. आचाऱ्याची पाठ असली तरी ऑर्डर आली हे कळतं. विक्रेते याला जुनाट म्हणतात. म्हणू द्या, भट्टीसमोर त्यांना उभं राहायचं नाही.

गल्ल्यावरच्या यंत्रालाही ऊन लागतंच. आयपॅडसाठी कंपनीनंच ० ते ३५ अंश ही हवेची मर्यादा सांगितलेली आहे. आपल्याकडं नवतप्यात, म्हणजे मेअखेरच्या त्या नऊ कडक दिवसांत, पारा ४५ च्या आसपास असतो, आणि टिनाच्या शेडखाली तर विचारूच नका. दुसऱ्या यंत्रांच्याही माहितीपत्रकात ४० किंवा ४५ अंश असा आकडा कुठंतरी बारीक अक्षरात असतो, तो शोधून वाचा. कूलरच्या झोतात मशीन ठेवायची आयडिया अनेकांना सुचते. ओलसर हवा आणि विजेची यंत्रं यांचं जमत नाही, तेव्हा ती सोडा.

लाइन जाणं तर आपलं रोजचंच. पंखे-दिव्यांचं इन्व्हर्टर लाइन गेल्यावर क्षणभर घेतं, तेवढ्यात कॉम्प्युटर बंद पडून पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो आणि समोर पाच माणसं पैसे घेऊन उभी असतात. त्यामुळं मला स्वतःला बॅटरीवाला अँड्रॉइड टॅब पसंत आहे. प्रिंटरला छोटा यूपीएस आणि राउटरला मिनी यूपीएस जोडला की भागतं. टॅबला ओले हात चालत नाहीत, एवढा त्रास आहे. गल्ल्याजवळ एक फडकं टांगा. भटारखान्यातला प्रिंटर मात्र ब्लूटूथवर घेऊ नका. मधे जाड भिंत, टिन, फ्रिज. सरळ नेटवर्कची केबल ओढा, तीही पाइपातून. उंदीर वायर सोडत नाहीत.

सॉफ्टवेअरबद्दल एकच परीक्षा: इंटरनेट बंद करा आणि ऑर्डर मारा. चिठ्ठी निघाली पाहिजे, बिल निघालं पाहिजे, नेट आल्यावर हिशोब आपोआप इंटरनेटवर चढला पाहिजे. आमच्याकडं पावसाळ्यात दुपारी नेट गायब झालं की संध्याकाळी उगवतं. तोवर जेवण थांबवायचं का?

जीएसटीच्या सेटिंगकडं नवे मालक बघतच नाहीत. साध्या हॉटेलांना १५ नोव्हेंबर २०१७ पासून ५ टक्के दर आहे आणि खरेदीवर भरलेला कर वळता मिळत नाही. म्हणजे मशीनच्या किमतीवरचा १८ टक्के जीएसटी तुमच्याच खिशातून जाणार. भाव विचारताना करासकट विचारा. तुम्ही कंपोझिशनमध्ये, म्हणजे लहान धंद्यांच्या ठोक कराच्या योजनेत असाल तर गिऱ्हाइकाकडून कर वेगळा घेताच येत नाही, टॅक्स इन्व्हॉइसऐवजी बिल ऑफ सप्लाय द्यावं लागतं. पण मशीन येतं तेच अडीच-अडीच टक्के सीजीएसटी-एसजीएसटी लावून, आणि बसवणारा पोरगा ते बदलायचं विसरतो. शिवाय १ जानेवारी २०२२ पासून बिलावर एफएसएसएआयचा, म्हणजे अन्न परवान्याचा, १४ आकडी नंबर लागतो. सर्व्हिस चार्ज आपोआप जोडायचा खटका कुठं सुरू असेल तर तो बंद करा. आपल्या गावात त्यावरून भांडण होईलच, आणि ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं जुलै २०२२ मध्ये ते मनाई केलेलंच आहे.

यूपीआयसाठी वेगळं महागडं कार्ड मशीन आपल्याकडं फारसं लागत नाही. बिलावरच रकमेसकट क्यूआर छापणारं सॉफ्टवेअर असेल तर १८० च्या जागी १८ टाकून निघून जाणारे थांबतात. पैसे आल्याचा आवाज देणारा डबा मात्र ठेवा, नुसत्या स्क्रीनशॉटवर भरवसा नको. बँक खात्यातून आलेल्या यूपीआयवर जानेवारी २०२० पासून एमडीआर, म्हणजे व्यापाऱ्याकडून कापलं जाणारं कमिशन, शून्य आहे, डब्याचं भाडं मात्र असतं, ते वेगळं धरा.

आणि उधारी. नागपूरच्या विक्रेत्याला हा प्रकार समजतच नाही. आपल्याकडं शाळेचे मास्तर, जिनिंगचे हमाल, पेट्रोलपंपावरची पोरं महिन्याचं खातं ठेवतात. नावावर बिल टाकता येत नसेल तर मशीनच्या शेजारी लाल वही राहणारच, आणि मग दोन हिशोब कधीच जुळत नाहीत.

सॉफ्टवेअरचे वर्षाचे पैसे भरले नाहीत तर आपलाच जुना हिशोब उघडता येईल का, हे लेखी विचारा. जीएसटीचे कागद वार्षिक रिटर्नच्या मुदतीपासून ७२ महिने जपावे लागतात, थर्मल बिल त्याआधीच पांढरं होतं. म्हणून दर महिन्याला सगळी विक्री एक्सेलमध्ये काढून आपल्या पेनड्राइव्हवर ठेवता आली पाहिजे. प्रिंटर ईएससी-पीओएस ही बिलाच्या प्रिंटरांत सर्रास चालणारी आज्ञापद्धती पाळणारा घ्या, म्हणजे एक बिघडला तर दुसऱ्या कंपनीचा आणून जोडता येतो. नागपूर इथून दीडशे किलोमीटर, तिथला माणूस "उद्या येतो" म्हणतो तेव्हा कोणता उद्या ते सांगत नाही.

त्यावरून आठवलं, यवतमाळ-वणी भागात प्रिंटरचं हेड बदलून देणारा भरवशाचा कोणी माहीत असेल तर खाली सांगा. नवतप्याआधी लागणार आहे.