संचालक मंडळात ‘किमान एक’ का पुरत नाही

दरवर्षी मे महिन्यात मी ओस्लोहून ठाण्याला, नौपाड्यातल्या घरी येते. यंदा रात्रीच्या जेवणानंतर वाद रंगला तो कंपन्यांच्या संचालक मंडळांतील स्त्रियांवर. धाकट्या भावाचे म्हणणे असे, की निवड गुणवत्तेवरच व्हावी. कायद्याने जागा ठेवणे हा कर्तबगार बाईचाच अपमान आहे. तो हे मनापासून बोलतो, म्हणूनच त्याला नीट उत्तर द्यावेसे वाटते.

आमची आत्येबहीण कंपनी सेक्रेटरी आहे. २०१३ च्या कंपनी कायद्याने प्रत्येक सूचीबद्ध (शेअर बाजारात नोंदलेल्या) कंपनीत किमान एक स्त्री संचालक बंधनकारक झाली आणि बाजाराची नियामक संस्था सेबीने त्यासाठी १ एप्रिल २०१५ पर्यंत मुदत वाढवून दिली, तेव्हा ती वागळे इस्टेटमधल्या एका छोट्या सूचीबद्ध कंपनीत होती. तिने खटपट करून तीन नावांची यादी केली. मालकांनी ती उघडलीही नाही. “घरात बाई असताना बाहेर कशाला शोधायची?” एवढेच ते म्हणाले. संमतिपत्र घेऊन ती त्यांच्या घरी गेली, तेव्हा त्यांच्या पत्नीने सही करता करता विचारले, “मला मीटिंगला यावं लागेल का?” त्या बाईंना मी दोष देत नाही, त्यांच्यापुढे ताळेबंद कोणी कधी ठेवलाच नव्हता. पण गुणवत्तेचा आग्रह धरणाऱ्यांनी सांगावे, की इथे गुणवत्ता कोणी आणि केव्हा पाहिली?

नॉर्वेत २००२ च्या सुमारास पब्लिक लिमिटेड कंपन्यांच्या मंडळांत स्त्रिया जेमतेम सहा टक्के होत्या आणि ‘लायक बायका मिळत नाहीत’ हीच तक्रार होती. पुढच्या वर्षी ४० टक्क्यांचा कायदा झाला. आधी कंपन्यांना स्वेच्छेने बदलण्याची संधी दिली गेली, पण तेवढ्याने भागले नाही. मग २००६ पासून सक्ती आली, आणि दोन वर्षांत पालन न करणारी कंपनी विसर्जित होऊ शकेल, असे ठरले. २००८ पर्यंत लायक बायका मिळाल्या, कारण आता त्या शोधणे भाग होते. तिथे नऊ जणांच्या मंडळात किमान चार स्त्रिया लागतात. आपल्याकडे तेवढ्याच मंडळात एक असली तरी कायदा पाळला जातो. एकटीने विरोध नोंदवणे आणि चौघींपैकी एकीने तो नोंदवणे यांत फार अंतर असते. सगळेच साधले असे मात्र नाही. काही कंपन्यांनी पळवाट म्हणून आपले कायदेशीर स्वरूपच बदलले, आणि मुख्य कार्यकारी पदावर स्त्रिया तिथेही थोड्याच आहेत.

कंपन्यांच्या कारभारावर सेबीने नेमलेल्या उदय कोटक समितीच्या शिफारशीनंतर सेबीने बाजारमूल्यानुसार पहिल्या ५०० आणि २०२० पासून पहिल्या १,००० सूचीबद्ध कंपन्यांत एक स्त्री स्वतंत्र संचालक, म्हणजे कंपनीशी हितसंबंध नसलेली संचालक, सक्तीची केली. प्रवर्तकाची, म्हणजे कंपनीवर ताबा असलेल्या मालकाची, नातेवाईक स्वतंत्र संचालक होऊ शकत नाही, त्यामुळे ही सुधारणा मला खरी वाटते. मात्र मुंबई शेअर बाजारात पाच हजारांहून अधिक कंपन्या सूचीबद्ध आहेत, आणि बहिणीची ती जुनी कंपनी हजारांच्या यादीच्या बाहेरच आहे. ही अट सर्व सूचीबद्ध कंपन्यांना लागू करावी आणि ‘एक’ या आकड्याऐवजी निदान एक तृतीयांश हे प्रमाण धरावे, असे मला आग्रहाने वाटते.

बहिणीने ती तीन नावांची यादी जपून ठेवली आहे. तीतल्या एक चार्टर्ड अकाउंटंट आजही गोखले रोडवरच्या कार्यालयात बसतात. त्यांना कुठल्याही कंपनीचा यासाठी अजून फोन आलेला नाही.