कोकणात घरी चार्जर बसवू नका म्हणे!

‘कोकणात घरी ईव्ही चार्जर बसवू नका’ असा एक मेसेज गावागावांच्या ग्रुपवर फिरतोय. थ्री फेज मीटर सक्तीचा, दर व्यापारी, बिल पेट्रोलएवढंच, पावसात गाडीत करंट उतरतो, लाईट गेली की गाडी जागेवर. काका-मामांनी तो इतक्या विश्वासाने पुढे ढकललाय की उत्तर देणं भाग आहे.

थ्री फेजचं आधी. गाडीबरोबर येणारा साधा चार्जर १५ अँपियरच्या पॉइंटवर चालतो आणि तासाला ३ युनिटच्या आसपास घेतो. रात्री नऊला लावला की सकाळी सातपर्यंत ३० युनिटची बॅटरी जवळपास भरते. भिंतीवरचा ७.२ किलोवॉटचा चार्जरही सिंगल फेजवरच चालतो. त्याला मंजूर भार वाढवून घ्यायचा आणि वेगळी ६ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर ओढायची. ११ किलोवॉटचाच हट्ट असेल तर थ्री फेज घ्या.

व्यापारी दर? केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाच्या सूचनांनुसार घरच्याच जोडणीवर स्वतःची गाडी चार्ज करता येते. होमस्टेच्या पाहुण्यांकडून चार्जिंगचे पैसे घ्यायचे असतील, तर मात्र महावितरणला विचारून घ्या.

बिल वाढतं, खोटं कशाला बोला. गाडीचे युनिट वरच्या स्लॅबमध्ये जातात. महिन्याला १००० किलोमीटर फिरणाऱ्या गाडीला १६० युनिट धरा, दर चढा म्हणजे १५ रुपये धरा: २४०० रुपये. तेवढ्याच अंतराला पेट्रोल ५५ लिटर तरी लागतं. पुढचा गुणाकार तुम्हीच करा.

लाईट जाते, हे खरंच. २०२० च्या निसर्ग वादळानंतर श्रीवर्धन-दापोलीकडे कित्येक दिवस अंधार होता. पण पेट्रोल पंपाची मशीनही विजेवरच चालते, हे मेसेजवाला विसरला.

राहिला करंट. प्लग गाडीत नीट बसून चार्जर आणि गाडीचा इशारा जुळेपर्यंत त्या पिनांत वीज सोडलीच जात नाही. चार्जर आयपी ६५चा (म्हणजे धूळ-पाणी आत न शिरणारा), पडवीच्या आडोशाला आणि मागे ३० मिलिअँपियरची आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) असेल तर पावसाला भ्यायचं कारण नाही.

भ्यायचंच तर अर्थिंगला भ्या. त्याबद्दल मेसेजमध्ये चकार शब्द नाही! आपल्याकडे हातभर मातीखाली जांभा. अर्थिंगची सळई त्यात उतरतच नाही, मग वायरमन ती अर्ध्यावर कापून मोकळा होतो. पावसाळ्यात ओल असते म्हणून चालून जातं. एप्रिल-मेमध्ये कातळ तापून कोरडा पडला की चार्जर अर्थिंग तपासतो, लाल दिवा लावतो आणि गप्प बसतो. ऐन सुट्टीत, चाकरमानी आल्यावर. मग दोष जातो गाडीला. खड्डा चांगला खोल घ्या, कोळसा-मीठ किंवा केमिकल भरा, न्हाणीचं किंवा माडाच्या आळ्याचं पाणी मुरतं तिथेच घ्या. आणि वायरमनकडून न्यूट्रल-अर्थमधलं व्होल्टेज लोड चालू असताना मोजून घ्या. दोन-तीन व्होल्टच्या वर गेलं तर त्याला पैसे द्यायची घाई करू नका. मोजायचं मात्र मे महिन्यात. श्रावणात सगळ्यांचंच अर्थिंग चांगलं असतं.