कोर्टात न उभी राहणारी वकील : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार वकीलसाहेब,

इंदूरच्या रामबागेत वाढलेल्या आणि आज लंडनमध्ये आंतरराष्ट्रीय कर्जव्यवहारांच्या कायद्यात ज्येष्ठ मानल्या जाणाऱ्या माझ्या मावसबहिणीवरचा लेख तुम्हाला पटला नाही. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: जी कधी कोर्टात उभी राहिली नाही ती कसली वकील, ही तर उंची पगाराची अर्जीनवीसी. दुसरं, ती सावकारांची बाजू घेते. आणि तिसरं, या सगळ्याचा इंदूरशी काय संबंध, उगाच पोरांच्या डोक्यात लंडन कशाला भरवता? इंदूर खंडपीठात उभी हयात घालवलेल्या माणसाने हे लिहिलंय, तेव्हा दोन ओळींत ‘धन्यवाद’ म्हणून सुटता येणार नाही.

ताईने उलटतपासणी कधीच घेतली नाही, हे खरं. पण तुमच्याकडे अशील येतो तो भांडण झाल्यावर. तिच्याकडे दोन्ही पक्ष येतात ते गोडीगुलाबीत असताना, आणि ते पुढे कशावरून भांडतील हे तिला त्याच वेळी ओळखावं लागतं. गो फर्स्ट या विमानकंपनीचं प्रकरण घ्या. मे 2023मध्ये कंपनीने स्वतःहून दिवाळखोरीचा अर्ज केला. विमानं भाड्याची होती. परदेशी मालकांनी करार रद्द केले, तर दिवाळखोर कंपनीकडची मालमत्ता काढून घ्यायला मनाई करणारी, दिवाळखोरी संहितेच्या कलम 14ची स्थगिती आडवी आली. भाड्याने दिलेल्या विमानांवर मालकांचे हक्क जपणाऱ्या केप टाउन या आंतरराष्ट्रीय करारात भारत 2008मध्येच सामील झाला होता, पण तो करार देशात लागू करणारा कायदा कोणी केलाच नव्हता. अखेर एप्रिल 2024मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने 54 विमानांची नोंदणी रद्द करण्याचा आदेश दिला, आणि कायदा आला 2025मध्ये. कोर्टाचा आदेश येईपर्यंत ती विमानं धूळ खात उभी. ही फट सही होण्याआधी हेरायची, अशिलाला लेखी कळवायची, आणि भाडं, अनामत, विमा यांत तिची तजवीज करून ठेवायची, हे ताईसारख्यांचं काम. ते चोख झालं तर कोर्टाची पायरी चढावी लागत नाही, म्हणून कुणाला दिसतही नाही. याला अर्जीनवीसी म्हणायचं असेल तर म्हणा बापडे.

सावकारीचा मुद्दा मात्र मी हसण्यावारी नेणार नाही. अर्जेंटिना 2001मध्ये बुडाली. तिचे रोखे, म्हणजे कर्जाचे कागद, कवडीमोलाने विकत घेणाऱ्यांत एनएमएल कॅपिटल ही गुंतवणूक कंपनी होती. बहुतेक धनकोंनी पडतं घेतलं, हिने नाही घेतलं. रोख्यांत एक जुनं कलम होतं, सगळ्या धनकोंना समान पायरीवर ठेवण्याचं. वर्षानुवर्षं ते एका मसुद्यातून दुसऱ्यात नुसतं उतरवलं जात होतं. त्याच्या जोरावर 2012मध्ये न्यूयॉर्कच्या न्यायाधीश ग्रिएसांनी ठरवलं की एनएमएलला दिल्याशिवाय बाकीच्यांनाही देता येणार नाही. त्याच वर्षी अर्जेंटिनाच्या नौदलाचं ‘लिबर्ताद’ हे शिडाचं जहाज घानाच्या बंदरात याच कर्जापायी अडकवलं गेलं होतं. 2014मध्ये देश पुन्हा थकबाकीदार झाला आणि 2016मध्ये तडजोड करावी लागली. त्यात भरडली गेली ती सामान्य माणसं, आणि धनकोंची बाजू मांडणारे वकीलच होते. इथपर्यंत मी तुमच्याबरोबर आहे.

पण ती पळवाट बुजवणारेही वकीलच होते. 2014मध्ये आंतरराष्ट्रीय भांडवल बाजार संघटनेने नमुन्याची नवी कलमं काढली: ठरावीक बहुमताने मान्य झालेली तडजोड उरलेल्यांवरही बंधनकारक, आणि ‘समान पायरी’चा अर्थ असा ताणता येणार नाही. शिवाय ताई सरकारांच्या, म्हणजे ऋणकोंच्या बाजूनेही बसलेली आहे, हे लेखात आहेच. तुम्ही फौजदारीत आरोपीची बाजू घेतलीत म्हणून तुम्हाला कोणी चोर म्हटलं का?

आता इंदूर. आपल्या तुकोजीराव होळकर दुसऱ्यांनी 1870मध्ये खंडवा-इंदूर रेल्वेसाठी इंग्रज सरकारला एक कोटी रुपये कर्ज दिलं. व्याज साडेचार टक्के, मुदत 101 वर्षं! देणारं संस्थान, घेणारं परकीय सरकार, आणि मुदत संपायची 1971मध्ये. त्याआधीच 1947मध्ये ऋणको देश सोडून गेला आणि 1948मध्ये धनको मध्य भारत राज्यात विलीन झाला. राज्यच उरलं नाही तर कर्ज कोणी कोणाला फेडायचं, हा प्रश्न आजही या कायद्यातल्या सगळ्यात अवघड प्रश्नांपैकी एक आहे, आणि तो आपल्या राजवाड्यापासून फार लांबचा नाही.

ताजं उदाहरण हवं असेल तर फेब्रुवारी 2023मध्ये आपल्या महापालिकेने 244 कोटींचे हरित रोखे काढले, जलूदच्या 60 मेगावॉट सौर प्रकल्पासाठी. नर्मदेचं पाणी वर चढवायला लागणाऱ्या विजेचा खर्च कमी व्हावा म्हणून. अशा रोख्यांत वकिलाचा पहिला प्रश्न: पालिकेला कर्ज काढायचा अधिकार तरी आहे का? हा प्रश्न वरवरचा वाटतो. पण लंडनच्या हॅमरस्मिथ पालिकेने व्याजदराच्या अदलाबदलीचे मोठमोठे सौदे केले, आणि 1991मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने सांगितलं की पालिकेला तसा अधिकारच नव्हता, सगळे सौदे रद्दबातल. बँकांना कोट्यवधी पौंडांचा फटका बसला. म्हणूनच ‘अधिकार आहे’ असं लेखी मत देऊन खाली सही करणं हे ज्येष्ठांचं काम. ताईची पहिली वर्षं मात्र सह्यांची पानं जुळवण्यात आणि कर्ज हाती पडण्याआधी पाळायच्या अटींच्या याद्या तपासण्यात गेली, त्यात कौतुक करण्यासारखं काहीच नव्हतं.

तुमचा नातू कायद्याच्या तिसऱ्या वर्षाला आहे, असं तुम्हीच लिहिलंय. लंडनचं राहू द्या. इंग्लंडची सॉलिसिटर परीक्षा 2021पासून नव्या स्वरूपात आहे, भारतीय पदवीधरांनाही देता येते, पण ती पुढची गोष्ट. ताईला मी त्याच्याबद्दल विचारलं. तिने सांगितलं, महापालिकेच्या त्या रोख्यांचा माहितीदस्तऐवज काढून वाचायला दे, आणि जोखमींच्या प्रकरणापासून सुरुवात करायला सांग. अडलं तर त्याने मला इथेच लिहावं, मी तिच्याकडे पोचवीन.