गाव का सोडले, याची चौकशी

ऑकलंडमध्ये जून म्हणजे ऐन हिवाळा. त्या थंडीत सहा आठवडे, दर बुधवारी पहाटे पाच वाजता उठून मी हवामानबदल, स्थलांतर आणि न्याय या विषयावरच्या एका ऑनलाइन प्रशिक्षणाला बसत होतो. शिकवणारे युरोपात होते आणि वेळ त्यांच्या सोयीची होती. शेवटच्या आठवड्याचा स्वाध्याय असा होता की, आपल्या प्रदेशातील एक स्थलांतर निवडून त्याचा हवामानबदलाशी असलेला संबंध दाखवावा. मी मूळचा गेवराई तालुक्यातला असल्याने बीडच्या ऊसतोड कामगारांवर लिहिले. उत्तर परत आले तेव्हा त्यावर शेरा होता : मांडणी चांगली, परंतु कारणसंबंध पुरेसा सिद्ध होत नाही.

शेरा चुकीचा नव्हता. दसरा-दिवाळीच्या सुमारास बीडमधून हजारो जोडपी पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात, ती केवळ पाऊस कमी पडला म्हणून जात नाहीत. टोळी जमवणाऱ्या मुकादमाकडून घेतलेली उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, फेडायची असते, जमीन तुटपुंजी किंवा अजिबात नसते, मुलीचे लग्न झालेले असते, आणि पाऊस बरा झालेल्या वर्षीही टोळ्या निघतातच. यातला हवामानाचा वाटा वेगळा काढून दाखवा, असे कोणी म्हटले तर मला तो काढता येणार नाही. माझा आक्षेप शेऱ्यापेक्षा प्रश्नालाच आहे. न्यायाचे दार उघडण्याआधी 'गाव का सोडले?' हे सिद्ध करायला लावणे कितपत योग्य आहे?

मी राहतो त्या देशात हा प्रश्न न्यायालयात विचारला गेलेला आहे. किरिबाती या बेटराष्ट्रातील इओआने टेइटिओटा हे २००७ मध्ये पत्नीसह न्यूझीलंडला आले. व्हिसाची मुदत संपल्यावर त्यांनी निर्वासिताचा दर्जा मागितला. वाढत्या समुद्राने विहिरी खारट होत आहेत, राहण्याजोगी जमीन आक्रसत आहे आणि तिच्यावरून मारामाऱ्या होत आहेत, असे त्यांचे म्हणणे होते. परंतु १९५१ चा निर्वासितविषयक करार वंश, धर्म, राष्ट्रीयत्व, विशिष्ट सामाजिक गट किंवा राजकीय मत या कारणांनी होणाऱ्या छळापुरता मर्यादित आहे, आणि समुद्र कोणाचा छळ करीत नाही. २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अर्ज फेटाळला आणि त्यांना परत पाठवण्यात आले. पुढे संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क समितीने २०२० मध्ये जाहीर झालेल्या निर्णयात असे तत्त्व मान्य केले की, हवामानबदलामुळे जिवाला खरा धोका असेल तर माणसाला तेथे परत पाठवणे बेकायदेशीर ठरू शकते. मात्र टेइटिओटा यांच्या बाबतीत ती वेळ अजून आलेली नाही, असेही तिने म्हटले. प्रशिक्षणात हा निर्णय मोठा विजय म्हणून शिकवला गेला. तत्त्वाचा तो विजय असेल. माणूस मात्र किरिबातीच्या राजधानीत, तारावालाच राहिला.

आता आपल्याकडचा वाद. महाराष्ट्रातील मित्रांशी या विषयावर बोललो की दोन मते हमखास ऐकू येतात. पहिले असे की, मराठवाड्याचा दुष्काळ हा आभाळातून पडलेला नसून धोरणातून आलेला आहे; त्याला हवामानबदल म्हणणे म्हणजे साखर कारखानदारांना आणि पाटबंधाऱ्यांच्या कारभाराला मोकळे सोडणे. या मताशी मी बराचसा सहमत आहे. २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी न्यावे लागले, त्या मराठवाड्यातही उसाचे फड उभे होते. लागवडीखालील जमिनीत उसाचा वाटा थोडा आणि सिंचनाच्या पाण्यात मोठा, हे सर्वांना ठाऊक आहे. ज्या पिकाने पाणी नेले त्याच पिकाच्या तोडणीला पाण्यावाचून उठलेला माणूस जातो, याहून विचित्र वर्तुळ मला तरी ठाऊक नाही. पण २०२५ च्या सप्टेंबरात याच बीड-धाराशिवमध्ये अतिवृष्टीने जमिनी खरवडून नेल्या, तेव्हा 'सगळे धोरणच' हे उत्तरही अपुरे वाटू लागते.

दुसरे मत म्हणजे 'स्थलांतर रोखा'. प्रत्येक निवडणुकीत ही घोषणा होते, आणि ती मला अधिकाधिक खटकू लागली आहे. मी स्वतः स्थलांतरित आहे. पण माझ्या जाण्याला गावात 'परदेशी गेला' म्हणतात, पेढे वाटतात, आणि ते रोखावे असे कोणालाही वाटत नाही. माझ्या अर्जात शिक्षण विचारले, अनुभव विचारला, वय विचारले. गेवराईत पाऊस किती पडतो हे कोणी विचारले नाही. ज्याच्याकडे विकण्याजोगे कौशल्य आहे त्याला कारण सांगावे लागत नाही. कारण सांगण्याची सक्ती फक्त गरिबावर असते.

आणि गंमत अशी की, कारण न विचारणारा कायदा महाराष्ट्रानेच केलेला आहे. १९७२ च्या दुष्काळात लाखो माणसे खडी फोडायला आणि पाझर तलाव खोदायला गेली. त्या अनुभवातून विधान परिषदेचे तेव्हाचे सभापती वि. स. पागे यांच्या कल्पनेतील रोजगार हमीला १९७७ च्या कायद्याचा आधार मिळाला. 'मागेल त्याला काम' या तीन शब्दांत 'का मागतोस?' हा प्रश्नच नाही. दुष्काळ निसर्गाचा की सरकारचा, हे ठरेपर्यंत मजुराला थांबावे लागत नव्हते. अंमलबजावणीत काय झाले ते सर्वश्रुत आहे, तरीही प्रशिक्षणातील एकाही सत्रात याचा उल्लेख नसावा, याचे मला वाईट वाटले.

ऑस्ट्रेलिया आणि तुवालू हे पॅसिफिकमधील छोटे बेटराष्ट्र यांच्यातील करारही याच वाटेने जातो, असे मला वाटते. त्यानुसार दरवर्षी २८० तुवालूवासीयांना सोडतीने ऑस्ट्रेलियात राहण्याची परवानगी मिळते, आणि तुमचे घर समुद्राने नेले का, याचा पुरावा द्यावा लागत नाही. २०२५ च्या पहिल्या सोडतीत कुटुंबीयांसह ८,७५० नावे आली. देशाची लोकसंख्या सुमारे दहा-अकरा हजार आहे.

पण केवळ दार उघडल्याने काम भागत नाही. न्यूझीलंडमध्ये २००७ पासून हंगामी मजुरांची एक योजना आहे. वानुआतू, सामोआ, टोंगा, किरिबाती, तुवालू या पॅसिफिक बेटांवरील माणसे सफरचंद आणि किवी तोडायला, द्राक्षवेलींची छाटणी करायला येतात आणि हंगाम संपला की परत जातात. व्हिसा एकाच मालकाशी बांधलेला असतो, राहण्याचे भाडे मजुरीतून कापले जाते, विमानभाड्याचा अर्धा भारही त्यांच्यावर असतो. २०२२ मध्ये इथल्या मानवी हक्क आयोगाने या योजनेतील त्रुटींवर कडक अहवाल दिला. २०२३ च्या फेब्रुवारीत गॅब्रिएल चक्रीवादळाने हॉक्स बे हा फळबागांचा प्रदेश पाण्याखाली गेला, तेव्हा बेटांवरून आलेल्या यांतील काही मजुरांना छपरावरून सोडवावे लागले.

हे सर्व मी माझ्या चुलतभावाला फोनवर सांगितले. तो आणि वहिनी मिळून एक कोयता (ऊसतोडीत जोडप्याला असेच मोजतात); गेली अकरा वर्षे त्यांनी हंगाम चुकवलेला नाही. त्याने एकच विचारले, "मग त्यांनाबी उचल असते का?" प्रशिक्षणातील कोणत्याही सत्रापेक्षा हा प्रश्न अधिक नेमका होता. उचल किती, ती कागदावर आहे का, खाडा पडला तर किती कापतात, कोपीजवळ, म्हणजे राहत्या झोपडीजवळ, पाणी आणि संडास आहे का, बाईला पाळीच्या दिवसांत सुट्टी मिळते का : स्थलांतरितावरचा अन्याय इथे मोजता येतो. २०१९ मध्ये राज्य सरकारच्या समितीने बीडमधील ८२ हजारांहून अधिक ऊसतोड महिलांची पाहणी केली, त्यात १३ हजारांहून अधिक स्त्रियांची गर्भाशये काढलेली आढळली. त्यांपैकी किती जणी 'हवामान स्थलांतरित' होत्या, हे शोधून त्यांचे काय भले होणार?

याचा अर्थ कारणाला काहीच किंमत नाही असा नव्हे. पैसे कोणी द्यायचे, हे ठरवताना कारण हवेच. वानुआतूच्या पुढाकाराने आंतरराष्ट्रीय न्यायालयापुढे प्रश्न गेला आणि २३ जुलै २०२५ रोजी न्यायालयाने एकमताने सांगितले की, हवामानाचे रक्षण करणे ही राष्ट्रांची कायदेशीर जबाबदारी आहे आणि ती मोडल्यास भरपाईचाही प्रश्न येऊ शकतो. या लढ्याची सुरुवात २०१९ मध्ये दक्षिण पॅसिफिक विद्यापीठाच्या कायद्याच्या विद्यार्थ्यांनी केली होती. तिथे कारणसंबंध काटेकोर सिद्ध व्हावा, कारण तिथे समोर राष्ट्रे आहेत आणि त्यांच्याकडे वकील आहेत. माझी तक्रार एवढीच की, राष्ट्राकडून मागायचा पुरावा आपण मजुराकडून मागत आहोत.

स्वाध्याय मी सुधारून पाठवला नाही, त्यामुळे प्रमाणपत्रावर फक्त 'सहभाग' लिहिलेले आहे. तरीही अशी प्रशिक्षणे मराठीत व्हावीत, असे मला मनापासून वाटते. ती प्राध्यापकांसाठी आणि माझ्यासारख्या परदेशस्थांसाठी नकोत. ऊसतोड कामगारांची नोंद करून ओळखपत्रे देण्याचे काम ज्यांच्याकडे सोपवले आहे ते ग्रामसेवक, मागे राहिलेल्या मुलांची हंगामी वसतिगृहे चालवणारे शिक्षक, आशा कार्यकर्त्या, आणि शक्य झाल्यास मुकादमसुद्धा त्यात असावेत. फक्त वर्ग एप्रिल ते सप्टेंबरच्या दरम्यान घ्यावे लागतील, कारण दसऱ्यानंतर ज्यांच्याविषयी शिकायचे ती माणसे गावात नसतात.