तिचा विमा म्हणजे मालकाचं दान नव्हे

अमेरिकेतल्या मराठी मंडळींच्या व्हॉट्सॲप गटांत एक मजकूर पुन्हा पुन्हा फिरतो. त्याचा गोषवारा असा: 'बायकांच्या गर्भनिरोधकांचा खर्च धर्मनिष्ठ मालकाच्या खिशातून काढणं हा त्याच्या धर्मस्वातंत्र्यावर घाला आहे. बंदी कुणी घातलेली नाही. गोळ्या स्वस्त आहेत, हव्या त्यांनी विकत घ्याव्यात. यातल्या कित्येक तर गर्भपाताच्याच गोळ्या आहेत. ओबामा सरकारने ननांनासुद्धा गोळ्या वाटायला लावल्या, शेवटी सुप्रीम कोर्टाने न्याय दिला.' थोडं खरं आणि बरंच खोटं यात असं कालवलंय की घाईत वाचणाऱ्याला ते पटून जातं. मला ते मुळीच पटत नाही.

वाद आहे तो ओबामा सरकारच्या आरोग्य कायद्याखालच्या नियमाचा: नोकरीतून मिळणाऱ्या विम्यात गर्भनिरोधकं वेगळे पैसे न घेता मिळालीच पाहिजेत. मालकाच्या खिशापासून सुरुवात करू. इथे नोकरीतून मिळणारा आरोग्य विमा हा पगाराचाच भाग असतो. कंपनी तो जमेस धरूनच पगार ठरवते, शिवाय हप्त्यातला काही वाटा दर पगारातून कापूनही घेते. कामगाराने पगारातून मटण आणलं तर शाकाहारी शेठचा धर्म बुडत नाही, कारण तो पैसा आता कामगाराचा असतो. विम्याचंही तेच आहे. या नियमाविरुद्धच्या ज्या खटल्यावरून हे सगळं गाजलं, तो लढणारी हॉबी लॉबी ही ओक्लाहोमातल्या ग्रीन कुटुंबाची कंपनी. २०१४ साली तिची ५०० दुकानं होती आणि १३ हजारांहून जास्त कर्मचारी. नोकरी मागायला आलेल्या प्रत्येकीने मालकांचा धर्म पत्करलेला नव्हता. १९८२ मध्ये आमिश पंथाच्या एका मालकाने कामगारांसाठीचा सोशल सिक्युरिटी कर भरायला धर्माच्या कारणावरून नकार दिला होता. तेव्हा याच सुप्रीम कोर्टाने बजावलं होतं की, आपण होऊन धंद्यात उतरलेल्याला स्वतःच्या श्रद्धेची बंधनं सगळ्यांना लागू असलेल्या कायद्यावर लादता येणार नाहीत.

ग्रीन कुटुंबाची श्रद्धा खोटी होती असं मी म्हणणार नाही. १९९३ च्या धर्मस्वातंत्र्य कायद्याने त्यांना कोर्टात जायचा हक्क दिलेला होता, आणि त्यांना न पटणारी गर्भनिरोधकं विम्यातून वगळली असती तर वर्षाला सुमारे ४७ कोटी ५० लाख डॉलरचा दंड त्यांच्या डोक्यावर होता. हे ओझं खरं होतं. पण ते उतरवून कुणाच्या डोक्यावर ठेवायचं, हा प्रश्न फिरता मजकूर विचारतच नाही.

ते ओझं जातं ते 'स्वस्त आहेत, विकत घ्या' असं जिला ऐकवलं जातं तिच्यावर. ओपिल नावाची गोळी २०२४ पासून चिठ्ठीशिवाय महिना साधारण २० डॉलरला मिळते, हे खरं. पण कोणतं साधन चालेल हे खिसा ठरवत नाही, शरीर ठरवतं. रक्तदाब असेल, डोळ्यांपुढे चमकणारी अर्धशिशी असेल, पस्तिशीनंतर सिगारेट असेल, तर डॉक्टर नेहमीची मिश्र हार्मोनची गोळी टाळतात. अशा बाईला बरेचदा तांबी सुचवली जाते. विमा नसेल तर तांबी, ती बसवण्याची फी आणि तपासणी मिळून खर्च हजार डॉलरच्या पुढे जातो. किमान वेतनावर पूर्णवेळ राबणाऱ्या बाईची ही जवळजवळ महिन्याची कमाई आहे, हे सुप्रीम कोर्टाच्या न्यायमूर्ती रूथ बेडर गिन्सबर्ग यांनी हॉबी लॉबी खटल्याच्या २०१४ च्या निकालातल्या भिन्नमतात लिहून ठेवलंय. देशपातळीवरचं किमान वेतन २००९ पासून तासाला सव्वासात डॉलरवरच अडकलेलं आहे. आणि एच-फोर, म्हणजे नोकरदाराच्या जोडीदाराला मिळणाऱ्या व्हिसावर आलेल्या आपल्या कित्येक बायकांना तर स्वतःची कमाईच नसते. त्यांचा विमा नवऱ्याच्या कंपनीतून येतो. त्या कंपनीच्या मालकाची श्रद्धा काय आहे हे त्यांना कधी कुणी सांगितलेलंही नसतं.

आणि गोळी फक्त मूल टाळण्यासाठी घेतात हे तरी कुणी ठरवलं? पीसीओडी किंवा अंगावरून अतोनात जाणं आपल्या घरोघरी ठाऊक आहे. २०१२ च्या फेब्रुवारीत सँड्रा फ्लूक या कायद्याच्या विद्यार्थिनीने संसद सदस्यांपुढे आपल्या मैत्रिणीची हकिकत सांगितली. दोघी जॉर्जटाउन या कॅथलिक (जेझुइट पंथाच्या) विद्यापीठात शिकत होत्या. मैत्रिणीला पीसीओएस (आपण पीसीओडी म्हणतो तोच त्रास) होता, आणि बीजाशयावर गाठी होऊ नयेत म्हणून डॉक्टरांनी गोळ्या लिहून दिल्या होत्या. विद्यापीठाच्या विम्यात वैद्यकीय कारणासाठी सवलत होती. तरीही विमा कंपनी पुन्हा पुन्हा शंका घेत राहिली, हिला खरं तर गर्भनिरोधकच हवंय म्हणून. ती मुलगी समलिंगी होती. महिन्याला शंभराहून जास्त डॉलर तिने पदरचे घातले आणि ते झेपेनासे झाल्यावर गोळ्या थांबवल्या. पुढे टेनिसच्या चेंडूएवढी गाठ झाली आणि अख्खं बीजाशय काढावं लागलं. सवलत कागदावर होती, पण आजार खरा आहे हे पटवून देण्याची पाळी आजारी मुलीवर आली होती. 'हव्या त्यांनी घ्याव्यात' असं लिहिणाऱ्याने ही हकिकत एकदा तरी वाचावी.

'गर्भपाताच्या गोळ्या' या आरोपाला फार जागा द्यायला नको. ग्रीन कुटुंबाचा आक्षेप मान्यताप्राप्त २० पैकी फक्त ४ प्रकारांना होता, बाकी १६ त्यांना चालत होते. त्या चारांतल्या प्लॅन बी या संबंधानंतर घ्यायच्या गोळीच्या माहितीपत्रकात एफडीए या सरकारी औषध नियामक संस्थेने डिसेंबर २०२२ मध्ये स्पष्ट केलं की ती बीज सुटण्याआधी काम करते, फलित बीज रुजण्यात आडकाठी आणत नाही.

आता नना. लिटल सिस्टर्स ऑफ द पूअर ही गरीब म्हाताऱ्यांना सांभाळणारी संस्था आहे आणि तिच्या कामाबद्दल मला आदरच आहे. पण त्यांच्या हातून एकही गोळी कुणी वाटवली नाही. चर्चना पहिल्यापासून पूर्ण सूट होती. लिटल सिस्टर्ससारख्या धार्मिक संस्थांनी 'आमचा आक्षेप आहे' असा फॉर्म भरायचा, पुढचा खर्च विमा कंपनी वेगळा करणार, अशी सोय होती. त्या फॉर्मवर सही करणं म्हणजेही पापात सहभाग, असं त्यांचं म्हणणं होतं. शिवाय त्यांचा विमा चर्चच्याच योजनेतून असल्यामुळे, सही झाली तरी त्या योजनेवर सक्ती करता येत नाही, हे सरकारनेच कबूल केलं होतं.

राहिला 'कोर्टाचा न्याय'. २०१४ चा निकाल ५ विरुद्ध ४ मतांनी हॉबी लॉबीच्या बाजूने लागला. त्यात न्यायमूर्ती ॲलिटो यांनी याच फॉर्मच्या सोयीकडे बोट दाखवून लिहिलं होतं की, हॉबी लॉबीतल्या बायकांवर तिचा परिणाम अगदी शून्य असेल. म्हणजे बायकांचं नुकसान होणार नाही हा त्या निकालाचा आधार होता. नंतर हल्ला झाला तो नेमका त्या सोयीवरच. ट्रम्प सरकारने २०१८ मध्ये नियम पक्के करून आक्षेप घेणाऱ्या मालकांना सूट दिली आणि ती सोय ऐच्छिक करून टाकली, आणि तेवढ्याने ७०,५०० ते १,२६,४०० बायकांचं संरक्षण जाईल हा त्याच सरकारचा अंदाज होता. २०२० मध्ये सुप्रीम कोर्टाने ७ विरुद्ध २ मतांनी इतकंच म्हटलं की अशी सूट देण्याचा अधिकार सरकारला आहे. धर्मस्वातंत्र्यासाठी ती द्यावीच लागते, असा निकाल त्यात नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये फिलाडेल्फियाच्या संघीय न्यायाधीशांनी ते नियम मनमानी ठरवून रद्दही केले. तेव्हा 'शेवटी' हा शब्द मजकुरातून काढायला हवा.

आपलं राज्य न्यू जर्सी किंवा कॅलिफोर्निया आहे, तिथे गर्भनिरोधकांच्या विम्याचा कायदा आहे, म्हणून निर्धास्त असणाऱ्यांसाठी एक गोष्ट. कंपनी स्वतःच्या पैशातून विमा चालवत असेल, ज्याला सेल्फ-फंडेड म्हणतात, तर राज्याचा कायदा त्या योजनेला लागू होत नाही. मोठ्या कंपन्यांच्या योजना बहुधा अशाच असतात. नवी नोकरी घेताना एचआरला दोन गोष्टी लेखी विचाराव्यात: योजना सेल्फ-फंडेड आहे का, आणि गर्भनिरोधकं वगळलेली आहेत का. नवऱ्याच्या विम्यावर असाल तर हे त्याला विचारायला लावा.